डाव्या गुडघ्याची पट्टी

चंदीगडला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या त्या गल्लीत कुणाचं बोट कापलं, कुणाचा हात पोळला, कुणाच्या म्हाताऱ्याला पडून पडून पाठीला जखमा झाल्या, की पहिली हाक रेडेकर साबांना. डॉक्टर नंतर. "साब जी, ज़रा देख लो," म्हणत माणूस दारात आला की एकनाथ रेडेकर चहाचा कप आहे तिथे ठेवणार, कोपरापर्यंत हात धुणार आणि पलंगाखालची काळी ट्रंक पायानेच पुढे ओढणार. आत उकळून ठेवलेले चिमटे, गॉजच्या घड्या, पट्ट्या, आयोडिनच्या बाटल्या, सगळं ओळीत. एकदा लताबाईंनी पापड भाजायला त्यातला एक चिमटा घेतला होता. दोन दिवस साब घरात बोलले नाहीत.

आता हे 'साब' काही डॉक्टर नव्हेत, हे गल्लीला माहीत होतं आणि साबांनाही. फौजेच्या मेडिकल कोअरमध्ये अठ्ठावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट, निघताना नायब सुभेदार. शेवटचं पोस्टिंग इथून जवळच, चंडीमंदिरच्या छावणीत. मुलगी मैत्रेयीची शाळा इथली, म्हणून दोन खोल्या घेऊन इथेच राहिले. मूळ गाव कोल्हापूरकडं, आजऱ्याजवळ. "आजऱ्यातनं निघून मनीमाजऱ्यात आलो, म्हणजे गेलो कुठं?" हा विनोद ते वीस वर्षं करत होते आणि स्वतःच हसत होते. पण जखमेपुढे बसले की हसणं बंद. हात असा चालायचा की पट्टी सुटतानाही माणूस कण्हत नसे. वॉर्डातल्या सिस्टर सगळ्यात वाईट जखम त्यांच्यासाठी राखून ठेवत, हे ते अभिमानाने सांगत, आणि ते खरंही होतं.

आणखी एक गोष्ट ते सांगत. जखमेतलं पाणी किंवा पू तपासायला लॅबकडे पाठवायचा, तर बाटलीसोबत एक फॉर्म जातो. त्यात एक रकाना असतो: रुग्णाला अँटिबायोटिक दिलंय का, हो की नाही. हा रकाना कुणी मोकळा सोडला की रेडेकर हवालदार कडाडायचे. "आधी गोळी चारलीस आणि मग नमुना घेतलास, तर जंतू अर्धमेला होऊन दडून बसतो. लॅबवाल्याला काय दिसणार, तुझं थोबाड?" असं म्हणून त्यांनी किती नव्या पोरांना घाम फोडला असेल, त्याला गणती नाही. स्वतः तो रकाना ते लाल पेनाने भरायचे. हे सगळं आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे जे झालं ते न कळून झालं असं कुणी म्हणू नये. या माणसाला कळत होतं.

लताबाईंचे गुडघे साठीच्या आधीच गेले. साखर होती, वजन होतं. पण घरात बसणारी बाई नव्हे ती. आठवड्यातून एकदा भरणारी अपनी मंडी हे तिचं माहेर. पिशवी काखेत मारून ती निघायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक गाड्यावर भांडायची. तिची पंजाबी अजब होती, अर्धी पंजाबी आणि अर्धी आजऱ्याची. पण भाजीवाले तिला पाहून आधीच भाव उतरवायचे. घरी ती अजून कोल्हापूरकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. मैत्रेयी त्यावरून तिला चिडवायची, तीही हिंदीत, कारण त्या पोरीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायची हिंदीच.

ऑपरेशनच्या आदल्या वर्षात मंडीत जाणं बंद झालं. चार पावलं टाकली की लताबाई कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसायच्या. डॉक्टर म्हणाले, डावा गुडघा बदलायलाच हवा, उजवा नंतर बघू. लताबाई घाबरल्या. "असू दे. मी काठी घेतो," म्हणाल्या. त्यांना तयार केलं ते साबांनी. "अगं, मी आहे ना घरात! टाके सुकवायला माझ्यासारखा माणूस मिळतो का कुणाला? दिवाळीला मंडीत तू पुढं आणि पिशवी घेऊन मी मागं."

"शब्द?" त्यांनी विचारलं.

"शब्द."

फेब्रुवारीत एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. छान झालं. डॉक्टर बराड, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी लताबाईंना उभं केलं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. सोडताना सिस्टरने बजावलं, "घाव से पानी आए, लाली आए, तो उसी दिन यहाँ आना. घर पे कुछ नहीं करना, कोई गोली नहीं." साबांनी मान डोलावली आणि थोडं हसले. हे वाक्य त्यांनी स्वतः हजारदा म्हटलं होतं.

टाके निघाले. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी लताबाईंच्या परकरावर गुडघ्याजवळ एक डाग दिसला. रुपयाएवढा, फिक्कट पिवळा. रक्त नाही, पू नाही, वास नाही.

"अहो, बघा की वाईच. पाणी आलंय."

साबांनी चष्मा लावून पाहिलं. टाक्यांच्या खालच्या टोकाशी एक थेंब जमला होता. पुसला, की परत यायचा. त्या क्षणी रिक्षा बोलवायची होती. एवढंच करायचं होतं. पण बघा माणसाचं कसं असतं! जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या जखमा सुकवल्या, त्याने बायकोच्या एका थेंबासाठी हॉस्पिटलात धावत जायचं? तिथली काल आलेली पोरं पट्टी सोडणार, पिळल्यासारखी दाबणार, आणि आपण भिंतीला टेकून बघायचं? "नुसतं पाणी आहे. वरचं वर आहे," असं म्हणून त्यांनी हात धुतले आणि ट्रंक पुढे ओढली.

पट्टी सुरेख बांधली, त्यात वादच नाही. वर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. केमिस्टने साबांकडे चिठ्ठी कधीच मागितली नव्हती. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी पाणी थांबलं. साब गल्लीभर ताठ मानेने फिरले. मैत्रेयी आता जवळच्या खरड गावात राहायची; रविवारी आली तेव्हा तिला गुडघा दाखवला.

"डॉक्टर को दिखाया?" तिने विचारलं.

"तुझा बाप कोण आहे?" साब म्हणाले. ती हसली. लताबाईही हसल्या.

दहा दिवसांनी पाणी परत आलं. परत पट्टी, परत गोळ्या, या वेळी सात दिवस. परत थांबलं. मग एप्रिलच्या सुरुवातीला पाणी आलंच नाही, पण गुडघा गरम राहू लागला आणि बसल्या जागी ठणकू लागला. सुजेवर बोट दाबलं की खळगा राहायचा. साबांनी तिसऱ्यांदा गोळ्या आणल्या. दोन दिवस दिल्या आणि मग त्यांचं त्यांनाच पटेना. लताबाईंना घेऊन ते हॉस्पिटलात गेले. सकाळची गोळी तिच्या पोटात होती.

डॉक्टर बराडनी गुडघा पाहिला. त्यांच्याबरोबर तीन शिकाऊ डॉक्टर होते. बराड तसे कुणाची स्तुती करणारे नव्हेत, पण त्या दिवशी नेमकी त्यांना बुद्धी झाली. साबांनी बांधलेली पट्टी बोटाने दाखवत ते म्हणाले, "ये हमारे सूबेदार साब हैं, मेडिकल कोर के. पट्टी देखो इनकी. ऐसी बाँधना सीखो." तिघांनीही माना डोलावल्या. साबांची छाती फुगली. आणि त्याच दमात डॉक्टरांनी लताबाईंना विचारलं, "आंटी जी, सुई से पानी निकाल के टेस्ट को भेजेंगे. घर पे कोई एंटीबायोटिक तो नहीं खाई? घाव से कुछ आया था?"

लताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

"नहीं जी. कुछ नहीं खाया. एक बार ज़रा पानी आया था, बस."

शिकाऊ डॉक्टरने फॉर्म भरला. तो उलट्या बाजूने वाचायला साबांना काही अडचण नव्हती. अँटिबायोटिकच्या रकान्यात त्याने लिहिलं, नाही. साब भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत उभे राहिले.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "असं का म्हणालीस?"

"मग? त्या पोरांच्या समोर तुम्हाला खाली मान घालायला लावू?" लताबाई म्हणाल्या. "आत्ताच कवतिक केलं त्यानं तुमचं. आणि दोन गोळ्यांनी काय हुतंय?"

काय होतं ते साबांना पाठ होतं. ज्याच्या त्याच्यावर ओरडून पाठ झालं होतं. आत बाटली अजून टेबलावर होती, दार सहा पावलांवर. उठून जायचं आणि सांगायचं, साहेब, गोळी दिली आहे, तीन वेळा दिली आहे, पाणीही दोनदा आलं होतं. दहा-बारा शब्दांचं काम! फौजेत अधिकाऱ्यांपुढे उभं राहून बोलणारा माणूस हा. तो उठला आणि रिक्षा बघायला गेला.

रिपोर्टात जंतू सापडला नाही. रक्तातले आकडे वाढलेले होते, पण थोडेच. बराडनी बराच वेळ कागद न्याहाळले आणि म्हणाले, जंतू दिसत नाही, उगाच उघडायला नको, तीन आठवडे बघू. लताबाई खूश झाल्या. "बघा! उगीच तोंड पाडून बसला हुता," म्हणाल्या. साबांनी गोळ्यांची उरलेली पाकिटं गटारात टाकली आणि मनातल्या मनात म्हटलं, आता नाही होणार काही. तीन आठवड्यांत त्यांना रोज सांगता आलं असतं. हातात फोन होता, फोनमध्ये नंबर होता. रोज सकाळी ते ठरवत आणि रोज काही ना काही निघे. गुडघा आज जरा बरा दिसतोय. आज रविवार आहे. आज डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतील.

तीन आठवडे पुरे व्हायच्या आत, मेच्या पहिल्या आठवड्यात लताबाईंनी हट्टच धरला. वॉकर घेऊन का होईना, मंडीत न्या. साबांनी नेलं. ऊन असं की टोमॅटोवाल्याने डोक्याला ओला पंचा बांधलेला. लताबाई त्याच्याशी भावावरून सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. दात वाजायला लागले. त्या उन्हात बाई थंडीने हुडहुडत होती. वॉकर कलंडला. भाजीवाल्याने आपली गोणपाटं तिच्या अंगावर टाकली. तिथेच साबांनी परकर वर करून पाहिलं, तर टाक्यांची रेघ एका जागी फुटून पिवळा पू नडगीवरून खाली येत होता. या वेळी वास होता. तो वास साबांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

त्याच दिवशी गुडघा उघडला. आतला सांधा काढून टाकावा लागला आणि जागा धरून ठेवायला औषध कालवलेल्या सिमेंटचा गोळा बसवला. आता जंतू सापडला, पण तो असा निबर की साध्या औषधांना दाद देईना. जी औषधं लागू पडत होती, ती मूत्रपिंडाला सोसत नव्हती. औषध वाढवलं की लघवी कमी व्हायची, कमी केलं की ताप चढायचा. सहा आठवडे दंडात नळी. दोनदा पुन्हा उघडून धुतलं. लताबाईंचं वजन गेलं, केस गेले, आणि बोलणं गेलं. भाजीवाल्यांशी भांडणारी बाई नर्सने सुई टोचली तरी हूं की चूं करेना.

जुलैमध्ये बराडनी बापलेकीला खोलीत बोलावलं. जंतू हाडात वर चढलाय, म्हणाले. आता पाय ठेवला तर माणूस जाईल. मांडीतून काढावा लागेल. समोर संमतीचा कागद होता. मैत्रेयी रडायला लागली. साबांनी पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"साहब, एक बात बतानी है," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. तारखा, गोळीचं नाव, किती दिवस, किती वेळा, एप्रिलमध्ये याच खोलीत लताबाई काय म्हणाल्या तेही. वॉर्डात ड्यूटी सोपवताना सांगतात तसं, एक शब्द न गाळता.

बराड ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सूबेदार साब, अप्रैल में बताते तो मैं उसी हफ़्ते खोल देता," ते म्हणाले. "शायद टांग बच जाती. शायद न भी बचती. अब कौन कहे."

हे 'शायद' साबांच्या जिवाला लागलं ते कायमचं. बचावली असती असं डॉक्टरांनी ठाम सांगितलं असतं तर माणूस रडून मोकळा झाला असता. नसती बचावली म्हटलं असतं तर निदान जेवला असता.

मैत्रेयी बापाकडे वळली. "पापा, आपको तो पता था," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली. त्यानंतर आईचं जे काही असेल ते ती परस्पर नर्सला विचारू लागली.

लताबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं, की मी बोललो डॉक्टरांशी. किती महिन्यांनी त्या बाईच्या डोळ्यांत राग दिसला! "कशाला सांगितलंसा? पाय जाणार ते जाणारच आता. मी खोटं बोललो ते तुमच्यासाठी, ते पण फुकट घालवलं." तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "दिवाळीला मंडीत नेणार हुता."

पाय गेला.

सप्टेंबरमध्ये त्या घरी आल्या. डावीकडे चादर मांडीच्या निम्म्यातच सपाट व्हायची. साबांनी ट्रंकेला कुलूप लावलं होतं. गल्लीतली एक बाई हाताला चटका बसला म्हणून आली, तर दारातच हात जोडून म्हणाले, "अस्पताल जाओ बेटा, मैं अब नहीं करता." मांडीच्या जखमेची पट्टी करायला हॉस्पिटलमधून एक नर्स यायची, जाई नावाची, नाशिककडची. ती असताना साब दाराबाहेर पायरीवर बसत.

एका सकाळी जाईचा फोन आला, ताप आहे, आज येत नाही, उद्या दुसरी कुणी येईल. लताबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "तुम्हीच करा."

"नको."

"त्या पोरीचा हात जड हाय. तुमचा बरा. करा म्हणतो ना."

तो हात तिने अजून बरा म्हटला, म्हणून साबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तीनदा हात धुतले. कुलूप काढलं. पट्टीचा एकेक थर उलगडत आले. शेवटचा गॉज उचलला. त्यावर एक डाग होता. रुपयाएवढा, फिक्कट पिवळा. टाक्यांच्या टोकाशी एक थेंब जमला होता. पुसला, की परत आला.

"काय हाय?" लताबाईंनी विचारलं.

"पाणी."

"नुसतं पाणी ना? मग बांधा की."

"त्या दिवशीपण नुसतंच होतं," साब म्हणाले. त्यांनी वर स्वच्छ गॉज ठेवला, दुसरं काही लावलं नाही, काही दिलं नाही, आणि मैत्रेयीला फोन केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने त्यांचा फोन पहिल्या घंटीला उचलला. तासाभरात ती गाडी घेऊन आली. दोघांनी मिळून लताबाईंना उचलून बसवलं. वाटेत मंडीचं मैदान लागलं. लताबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

बराडनी जखम पाहिली. "अच्छा किया, आज ही आ गए," म्हणाले. बाटली मागवली. शिकाऊ डॉक्टर फॉर्म घेऊन बसला. बराडनी विचारलं, "घर पे कोई एंटीबायोटिक दी?"

या वेळी उत्तर द्यायला साब पुढे झाले. त्यांनी डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नहीं साहब. एक भी गोली नहीं दी."

बराडनी मान वळवली आणि मैत्रेयीला, शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "बेटा, पक्का?"

मैत्रेयीने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मैं तो खरड़ में रहती हूँ, डॉक्टर साब," ती म्हणाली. "मुझे कैसे पता?"

"मी सांगतो ना, न्हाई दिली," लताबाई मराठीतच म्हणाल्या, मोठ्याने. खोलीत ते दोन माणसांना कळलं, आणि त्या दोघांनाही ठाऊक होतं की एप्रिलमध्ये याच खोलीत ती 'नहीं जी' म्हणाली होती.

शिकाऊ डॉक्टरचं पेन त्या रकान्यावर थांबलं होतं. त्याने बराडांकडे पाहिलं, बराडनी खांदे हलवले. मग त्याने हो लिहिलं नाही आणि नाही लिहिलं नाही. रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. टेबलाच्या पलीकडून साबांनी ते उलटं वाचलं.